लिनक्स, पण कोणत्या तर्फेचं?

आमच्या भागात पाकिटावर नुसतं ‘पारगाव’ लिहून भागत नाही. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, पारगाव तर्फे मढ आहे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आहे. ‘तर्फ’ हा जुन्या महसुली कारभारातला शब्द. परगण्याच्या पोटातल्या गावांच्या गटाला तर्फ म्हणत. तो कारभार केव्हाच मोडला, पण गावांच्या नावात तर्फ टिकून राहिली, कारण तिच्यावाचून पत्ता पुरा होत नाही. एसटीच्या थांब्यावर कुणाला पारगावचा रस्ता विचारा, तो आधी उलट विचारेल, “कोणतं पारगाव?”

‘मी लिनक्स वापरतो’ असं कुणी म्हणालं की माझ्या तोंडी हाच प्रश्न येतो. कोणतं लिनक्स? प्लाझ्माचं, ग्नोमचं, सिनॅमनचं की एक्सएफसीईचं? ही सगळी लिनक्सवर चालणाऱ्या डेस्कटॉपांची नावं आहेत. संगणक तोच, आतला गाभा तोच, पण डेस्कटॉप बदलला की मेनूची जागा बदलते, फाइल उघडण्याची रीत बदलते, हाताची सवयही बदलते.

हा प्रश्न आमच्या घरात आला तो २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आमचा संगणक चौथ्या पिढीचा आय-३, मेमरी चार जीबी. तो चालू होता, धडधाकट होता, पण नव्या विंडोजच्या दृष्टीने बाद. असे संगणक आमच्या पंचक्रोशीत शाळांत, दूध संस्थांत, झेरॉक्सच्या दुकानांत कितीतरी आहेत. त्यांना भंगारात घालण्याआधी लिनक्सचा विचार व्हावा आणि तो डोळसपणे व्हावा, म्हणून हा लेख.

डेस्कटॉप म्हणजे नेमकं काय

संगणक सुरू झाला की सगळ्यात आधी कर्नल, म्हणजे गाभा, जागा होतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांचा कारभार त्याच्याकडे असतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिहायला घेतला तो हा गाभा, आणि लिनक्स हे नाव खरं तर एवढ्याचंच आहे. त्याला रंग, विंडो, मेनू यांतलं काही ठाऊक नसतं. पडद्यावर चित्र उमटवणारा थर त्याच्या वर येतो. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमने हे काम अनेक दशकं केलं. आता ते हळूहळू वेलँडकडे जात आहे, ज्याची सुरुवात २००८ साली झाली. या थराच्याही वर जे बसतं ते डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. विंडोची चौकट आखणारा प्रोग्रॅम, खालची किंवा वरची पट्टी, मेनू, सेटिंग, फाइल हाताळण्याचं साधन, आणि त्यासोबत चित्र बघायला, पीडीएफ वाचायला, मजकूर लिहायला अशी लहान-लहान ॲप्स. हे सगळं एका घडणीचं, एका वळणाचं, एकमेकांशी बोलणारं असतं.

डेस्कटॉपशिवायही लिनक्स चालतं, याचं मोठं उदाहरण आमच्या तालुक्यातच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अँटेनांकडून येणारे संकेत एकत्र करण्याचं काम २०१० च्या सुमारास सॉफ्टवेअरकडे आलं, आणि त्यासाठी बाजारात मिळणारे संगणक जोडून लिनक्सचा क्लस्टर उभारला गेला. असा क्लस्टरमधला संगणक मॉनिटर न जोडताही रात्रंदिवस आकडेमोड करत राहतो. त्याला वॉलपेपर लागत नाही की मेनू लागत नाही. डेस्कटॉप लागतो तो समोर बसलेल्या माणसाला.

मग माणूस बदलला की डेस्कटॉपही बदलायला हवा. भीमाशंकरच्या डोंगरापलीकडे, कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली याचा प्रत्यक्ष प्रयोग झाला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप तिथल्या मुलांच्या हाती आले. आत लिनक्स होतं, पण डेस्कटॉप होता ‘शुगर’. त्यात टेबल, फाइल, फोल्डर या कचेरीतल्या कल्पनाच नव्हत्या. मूल एखादी कृती सुरू करी, आणि त्याने केलेलं काम आपोआप एका रोजनिशीत नोंदलं जाई. ‘सेव्ह’ करायचं राहिलं म्हणून काम गेलं, हा प्रकार नाही. ज्या मुलांनी कधी कचेरीच पाहिली नाही, त्यांना कचेरीची उपमा कशाला द्यायची, हा त्यामागचा विचार होता. वेगळा डेस्कटॉप म्हणजे माणूस काम कसं करतो याबद्दलचा वेगळा विचार, हे शुगरमधून लख्ख दिसतं.

दोन घरं आणि त्यांच्या वाटण्या

आजच्या डेस्कटॉपांचे स्वभाव कळायचे तर त्यांचा थोडा वंश बघावा लागतो.

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी मॅथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने केडीई प्रकल्पाची घोषणा केली. तेव्हा युनिक्सवरच्या प्रत्येक प्रोग्रॅमचं वळण निराळं होतं. एकाचं बटण दुसऱ्यासारखं दिसत नसे, एकातलं कॉपी केलेलं दुसऱ्यात नीट पडत नसे. सामान्य माणसाला सगळं एकसारखं मिळावं हा त्याचा आग्रह होता. बांधकामासाठी त्याने नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीचा क्यूट हा संच निवडला. संच उत्तम होता, पण त्याचा परवाना तेव्हा पूर्णपणे मुक्त नव्हता. मुक्त घराचा पाया मुक्त नसावा, हे अनेकांना खटकलं. त्यातून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकोतल्या दोघांनी ग्नोम सुरू केला आणि त्यासाठी जीटीके हा मुक्त संच घेतला. पुढे २००० साली क्यूटलाही जीपीएल हा मुक्त परवाना मिळाला आणि वादाचं मूळ संपलं, पण तोवर दोन घरं उभी राहिली होती. आजही लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपांची मुळं क्यूट किंवा जीटीके या दोनांपैकी एकात सापडतात.

मोठी वाटणी झाली २०११ साली. त्या एप्रिलमध्ये ग्नोम ३ आला. खालची पट्टी गेली, ओळखीचा मेनू गेला, विंडो लहान करण्याचं बटणही डोळ्यांसमोरून हटलं. करणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता. पडदा मोकळा हवा आणि माणसाचं लक्ष हातातल्या कामावर हवं. पण ग्नोम २ वर हात बसलेल्या हजारो लोकांचा घास अडकला. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २ चा मूळ कोड उचलला आणि ‘माटे’ या नावाने तो पुढे चालवायला घेतला. नाव दक्षिण अमेरिकेतल्या एका काढ्यासारख्या पेयाचं. लिनक्स मिंट या डिस्ट्रोच्या, म्हणजे गाभा, डेस्कटॉप आणि ॲप्स एकत्र बांधून दिलेल्या लिनक्सच्या, मंडळींनी ग्नोम ३ चा नवा पाया ठेवला, पण वरची रचना जुन्या वळणाची केली. २०११ च्या अखेरीस आलेला तो सिनॅमन, म्हणजे दालचिनी.

आपल्याकडे भावाभावांत वाटण्या झाल्या की चुली वेगळ्या होतात आणि बांधावरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात. इथे चुली वेगळ्या झाल्या, पण विहीर सामाईक राहिली. कोड सगळ्यांना खुला असल्याने माटेने ग्नोमचं घेतलं, मिंटने माटेला आपल्या डिस्ट्रोत जागा दिली. कंपनी एखादं उत्पादन बंद करते तेव्हा ते वापरणाऱ्याला पर्याय उरत नाही. इथे ज्यांना जुनं हवं होतं त्यांनी ते स्वतः जगवलं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअर एवढंच समजणाऱ्यांना मी माटेची ही गोष्ट आवर्जून सांगतो.

या दोन घरांच्या बाजूला दोन हलक्या-फुलक्या झोपड्याही आहेत. ऑलिव्हिए फुर्दाँने १९९६ सालीच सुरू केलेला एक्सएफसीई पुढे जीटीकेवर आला. एलएक्सक्यूटीचा उगम तैवानमधल्या हाँग जेन यी यांनी २००६ साली सुरू केलेल्या एलएक्सडीईत आहे. पुढे तो क्यूटवर आला.

स्वभाव ओळखावेत

प्लाझ्मा हा केडीईचा आजचा डेस्कटॉप. त्याचं सहावं मोठं रूप २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आलं. विंडोजवरून येणाऱ्याला तो परका वाटत नाही, कारण खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू. त्याचं खरं वैशिष्ट्य म्हणजे तो कशालाही ‘नाही’ म्हणत नाही. पट्टी वर न्या, बाजूला न्या, दोन करा, शॉर्टकट बदला, सगळं सेटिंगमध्ये मिळतं. केडीई कनेक्टने फोन जोडला की फोनवरचे फोटो संगणकावर येतात, संगणकावर कॉपी केलेला मजकूर फोनवर जातो. दोन्ही एका वाय-फायवर असले की झालं, मध्ये केबल लागत नाही. ज्याला आपलं अवजार आपल्या मुठीला बसेल असं घासून घ्यायचं आहे, त्याने प्लाझ्मा घ्यावा. एवढ्या निवडींनी गांगरणाऱ्या माणसाला मात्र तो सुरुवातीला जड जातो.

ग्नोमचा स्वभाव याच्या उलटा. तो थोडंच देतो, पण घासूनपुसून देतो. विंडोज चिन्हाचं बटण दाबलं की सगळ्या उघड्या विंडो समोर पसरतात. तिथेच नाव टाइप केलं की ॲप सापडतं. एक काम एका वर्कस्पेसवर, दुसरं दुसऱ्यावर, अशी त्याची रीत आहे. दर सहा महिन्यांनी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, त्याची नवी आवृत्ती येते. लॅपटॉपच्या टचपॅडवर तीन बोटं फिरवून काम करणाऱ्याला तो फार आवडतो. पुतणी अभियांत्रिकीला आहे, तिने दोन दिवसांत ग्नोम आपलासा केला. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याच ग्नोमवर विंडो ‘हरवते’ असं वाटलं. दोघांचंही बरोबर होतं. पुतणी नाव टाइप करून शोधते, अण्णा जागेवर ठेवलेली वस्तू जागेवर बघतात.

अण्णांसाठी सिनॅमन बसला. मेनू कोपऱ्यात, घड्याळ दुसऱ्या कोपऱ्यात, उघडलेली प्रत्येक विंडो खालच्या पट्टीवर नावानिशी दिसते. ज्याने पंधरा वर्षं एकाच पद्धतीने संगणक चालवला त्याला नव्याने काही शिकावं लागत नाही. माटेही याच घडणीचा, थोडा अधिक साधा आणि थोडा हलका.

एक्सएफसीई जुन्या संगणकाचा खरा सोबती आहे. त्यात चमक कमी, पण एकदा शिकलेलं वर्षानुवर्षं तसंच राहतं. त्याच्या आवृत्त्या सावकाश येतात आणि प्रत्येक वेळी घर उलटंपालटं होत नाही. शाळेच्या संगणक कक्षात दहा यंत्रं सांभाळणाऱ्या गुरुजींसाठी हा मोठा गुण आहे. एलएक्सक्यूटी त्याहूनही हलका असू शकतो, पण त्यात सोयी मोजक्याच आहेत.

आता मेमरीचं बघू. काहीही न उघडता नुसता डेस्कटॉप सुरू ठेवला, तर एलएक्सक्यूटी आणि एक्सएफसीई साधारण अर्धा ते पाऊण जीबी घेतात. सिनॅमन आणि प्लाझ्मा एक जीबीच्या आसपास, ग्नोम त्याच्या थोडा पुढे. डिस्ट्रो आणि आवृत्तीप्रमाणे हे आकडे हलतात, पण त्यातला फरक इतकाच आहे. याउलट ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की दीड-दोन जीबी सहज जाते, मग डेस्कटॉप कोणताही असो. म्हणून दोन जीबीच्या यंत्रावर डेस्कटॉप बदलून चमत्कार होत नाही. चार जीबीवर मात्र फरक जाणवतो. आणि जुन्या संगणकाचा वेग वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवणं. आमचा संगणक सुरू व्हायला आधी चहा उकळेपर्यंतचा वेळ लागे. डिस्क बदलल्यावर तो अर्ध्या मिनिटात तयार होऊ लागला.

खरी परीक्षा ॲप्सची

डेस्कटॉप दिसतो कसा हे पहिल्या दिवशी कळतं. तो कसा आहे हे कळायला त्याच्या ॲप्सवर काम करावं लागतं. त्यात सगळ्यात जास्त हात लागतो तो फाइल हाताळण्याच्या साधनाला. प्रत्येक डेस्कटॉपचं ते वेगळं आहे. प्लाझ्माचं डॉल्फिन, ग्नोमचं फाइल्स ज्याला जुने लोक नॉटिलस म्हणतात, सिनॅमनचं नेमो, माटेचं काहा, एक्सएफसीईचं थुनार.

एक साधी चाचणी सांगतो. पेनड्राइव्हवरून लग्नाचे दोनशे फोटो संगणकावर आणून वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावायचे आहेत. डॉल्फिन उघडा आणि एफ-३ दाबा. विंडोचे उभे दोन भाग होतात. डावीकडे पेनड्राइव्ह, उजवीकडे आपलं फोल्डर, आणि फोटो इकडून तिकडे ओढायचे. नेमो आणि काहा यांतही एफ-३ ने हेच होतं. थुनारमध्ये ही सोय २०२२ च्या डिसेंबरमध्ये आली. ग्नोमच्या फाइल्समध्ये ती पूर्वी होती. २०१२ साली ती काढली गेली, आणि नेमो वेगळा निघण्यामागे अशाच कापलेल्या सोयी होत्या. ग्नोमवर दोन विंडो शेजारी-शेजारी लावून काम भागतं, पण रोज फोटो हाताळणाऱ्या फोटोग्राफरला किंवा पावत्या लावणाऱ्या कारकुनाला एका कळीचा हा फरक दिवसभरात शंभर वेळा भेटतो.

दुसरी चाचणी पीडीएफची. आमच्याकडे सातबारा, फेरफार, विम्याची पावती, कारखान्याचा हिशेब, सगळं पीडीएफने येतं. वाचायला सगळीच ॲप्स चांगली आहेत. पण डिजिटल सही केलेली पीडीएफ केडीईच्या ओक्युलरमध्ये उघडली की सही असल्याची पट्टी वर दिसते, आणि सही कुणाची, केव्हाची आणि त्यानंतर कागदात काही बदल झाला का, हे पडताळता येतं. सही खरी ठरवायला देणाऱ्याच्या प्रमाणपत्रांची साखळी संगणकावर असावी लागते, ती एकदा बसवावी लागते. ग्नोममध्येही सही दाखवण्याची सोय अलीकडे आली आहे, पण ओक्युलरचा या कामात हात अधिक बसलेला आहे. याच ओक्युलरला २०२२ साली जर्मनीचं ब्लू एंजल हे पर्यावरणाचं मानचिन्ह मिळालं. ते मिळवणारं ते पहिलं सॉफ्टवेअर. वीज किती खर्च होते आणि जुन्या यंत्रावर किती काळ चालतं, हे त्यात मोजलं गेलं होतं.

आता गंमत अशी की ओक्युलरसाठी प्लाझ्मा घ्यावाच लागतो असं नाही. अण्णांच्या सिनॅमनवर ओक्युलर बसवलेलं आहे आणि ते व्यवस्थित चालतं. एका घरचं ॲप दुसऱ्या घरात जातं, फक्त सोबत आपला लवाजमा घेऊन जातं. जीटीकेच्या घरात क्यूटचं ॲप आणलं की क्यूटचे भाग डिस्कवर उतरतात आणि दिसण्यात थोडा फरक राहतो. मिंटने हे ओळखून २०१६ पासून एक्स-ॲप्स नावाचा संच केला. पीडीएफ वाचक, मजकूर संपादक, चित्रदर्शक असे कुठल्याच एका डेस्कटॉपला न बांधलेले. पुतणी ग्नोमवर केस्टार्स चालवते, म्हणजे केडीईचं तारांगण. विज्ञान दिनाला खोडदच्या प्रदर्शनाला जाणाऱ्या मुलांना मी हे ॲप मुद्दाम दाखवतो. पारगावचं आकाश आज रात्री नऊ वाजता कसं दिसेल, हे त्यात अक्षांश-रेखांश देऊन बघता येतं.

शिवाय दिवसातलं बरंचसं काम फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये होतं, आणि ही दोन्ही कुठल्याच डेस्कटॉपची नाहीत. उसाच्या टनाचा आणि दुधाच्या दहा दिवसांच्या पगाराचा हिशेब अण्णा लिबरऑफिस कॅल्कमध्ये ठेवतात. सिनॅमन असो की एक्सएफसीई, तो तक्ता तोच राहतो. डेस्कटॉपची निवड चुकेल या भीतीने अडून बसलेल्यांना मी एवढंच सांगतो, तुमचं काम आणि तुमच्या फायली डेस्कटॉपच्या मालकीच्या नाहीत.

एक अडचण मोकळेपणाने सांगायला हवी. बोटाचा ठसा घेणारी काही यंत्रं, डिजिटल सहीची काही टोकनं, हिशेबाची काही सॉफ्टवेअर यांची लिनक्सवर सोय नसते. तिथे डेस्कटॉप बदलून उपयोग नाही. ज्याच्या दुकानाचं पोट अशा यंत्रावर आहे, त्याने आधी ते यंत्र लिनक्सवर चालतं का हे तपासावं आणि मगच पाऊल टाकावं.

‘दुसऱ्या’ हा शब्द

मराठी माणसाने डेस्कटॉप निवडताना माझ्या मते सगळ्यात आधी ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप करून बघावा. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीवर तो असा येतो: द, उकार, स, मग शिफ्टसह जे दाबून ऱ, डी ने हलन्त, तिरक्या रेघेच्या कळीने य, आणि ई ने काना. सगळं नीट असेल तर य च्या डाव्या अंगाला तो चंद्रकोरीसारखा वळलेला अर्धा र दिसतो. तो मोडला, ऱ वेगळा आणि य वेगळा दिसला, तर फॉन्टमध्ये किंवा अक्षरं जुळवणाऱ्या भागात दोष आहे असं समजावं. आज जीटीके आणि क्यूट या दोन्ही घरांत अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाचा एकच मुक्त संच करतो. त्यामुळे मराठी दिसण्यात डेस्कटॉपांमध्ये फारसा फरक उरलेला नाही. हे काम मोठं आहे, कारण पूर्वी एका ॲपमध्ये नीट दिसणारा शब्द दुसऱ्यात विस्कटायचा.

टाइप करण्याच्या बाजूने फरक आहे. ग्नोममध्ये आयबस हे साधन अंगभूत आहे. सेटिंगमध्ये मराठी निवडली की इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसार टाइप करण्याची पद्धत वरच्या पट्टीवर येते. प्लाझ्मावर अनेक जण फसिटिक्स वापरतात. एक्सएफसीई आणि सिनॅमनवर यांतलं एखादं साधन आपण बसवून सुरू करून द्यावं लागतं. ज्याला नुसता इन्स्क्रिप्ट पुरतो, त्याला कुठल्याही डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमधून तो थेट जोडता येतो.

फॉन्टचंही एक गुपित आहे. मराठीतला ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे लिहितात. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतील आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली असेल, तर संगणक आपलं वळण निवडतो. लोहित देवनागरीत ही सोय आहे. लोहित म्हणजे लाल. रेड हॅट कंपनीने ही फॉन्टमाला २००४ साली मुक्त केली. म्हणून लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ करायला विसरू नये. त्याने शुद्धलेखन तपासणीही सुरू होते.

इथे पुण्याचं ऋण सांगितलं पाहिजे. रेड हॅटच्या पुण्यातल्या गटाने आणि त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांनी ग्नोम आणि केडीईचे हजारो शब्द मराठीत आणले. तेच शब्द वेगवेगळ्या ॲप्समध्ये वेगवेगळे होऊ नयेत म्हणून २००८ साली फ्यूएल नावाचा उपक्रम सुरू झाला आणि नेहमीच्या शब्दांची भाषावार यादी ठरवण्याची पद्धत पडली. सी-डॅकने २००७ पासून बॉस लिनक्स ही भारतीय भाषांची डिस्ट्रो दिली. पण भाषांतर हे एकदा बांधून सोडलेलं धरण नाही, ते दरवर्षी उपसावं लागणारं पाटाचं पाणी आहे. नव्या आवृत्तीत नवी वाक्यं येतात आणि त्यांना मराठी देणारं कुणी नसलं तर मेनूत मराठीच्या मधे इंग्रजी ओळी दिसू लागतात.

निवडायचं कसं

वाचून निवडू नका, बसून निवडा. पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करता येतो, डिस्कला हात न लावता. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. लिनक्स मिंट सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन रूपांत मिळतो. उबुंटू ग्नोमसह येतो, कुबुंटू प्लाझ्मासह, लुबुंटू एलएक्सक्यूटीसह. एकेका रूपावर अर्धा तास खरं काम करा. आपला प्रिंटर लावा, सातबारा उघडा, फोटो हलवा, ‘दुसऱ्या’ टाइप करा. चार जीबी किंवा त्याहून कमी मेमरीच्या यंत्राला एक्सएफसीईने सुरुवात करावी. विंडोजची सवय मुरलेल्या मोठ्या माणसाला सिनॅमन द्यावा. हातचं अवजार घडवायची हौस असेल त्याने प्लाझ्मा घ्यावा, नव्या लॅपटॉपवर शांतपणे काम करायचं असेल त्याने ग्नोम. घाईने जुनं पुसू नये. आधी सगळ्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी.

आणि निवड कायमची नाही. आमच्या एकाच संगणकावर आता तीन डेस्कटॉप आहेत. लॉगिनच्या पडद्यावर एक लहानसं चिन्ह आहे, ते दाबलं की यादी उघडते. अण्णा सिनॅमन निवडतात, पुतणी ग्नोम, मी एक्सएफसीई. प्रत्येकाचं खातं वेगळं. तीन डेस्कटॉप एकत्र ठेवले की मेनूत एकाच कामाची तीन-तीन ॲप्स दिसतात, म्हणून सगळ्यांनी असं करावं असं मी म्हणणार नाही. पण एक यंत्र तीन स्वभावांना सामावून घेतं, हे घरात रोज दिसतं.

मागच्या महिन्यात अण्णांच्या विंडोत एक ओळ इंग्रजीत दिसली, पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी दाबायची. पुतणी म्हणाली, हिचं मराठी आपण देऊ शकतो. एक्सएफसीईची भाषांतरं ट्रान्सिफेक्सवर होतात, एलएक्सक्यूटीची वेबलेटवर, सिनॅमनची लाँचपॅडवर. नाव नोंदवायचं आणि शब्द सुचवायचा. ती शब्द शोधत बसली. संगणकाच्या भाषेत पेनड्राइव्ह ‘माउंट’ होतो आणि ‘अनमाउंट’ होतो. जुन्या एका यादीत ‘आरोहित’ आणि ‘अनारोहित’ असं काही होतं, ते तिला पटेना. अण्णा बाजूला बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, “म्हणजे लावलेला असतो, कामाला असतो, आणि काढायच्या आधी मोकळा करायचा, असंच ना?” ती म्हणाली, “हो.”

“मग जुंपणं आणि सोडणं. बैलाला आपण काय म्हणतो?”

तिने भाषांतराच्या चौकटीत इन्स्क्रिप्टने शब्द टाइप केला: पेनड्राइव्ह सोडा. आणि पाठवून दिला.